छोटा हत्ती: इंजिन काम करावं की आहे तसा विकावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिघ्याच्या एका तरुणाने मागच्या वर्षी मामाकडून 2012 ची टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, 85,000 रुपयांना घेतली. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या ऑफिसांना तो पाण्याचे वीस लिटरचे जार पोचवतो, एका फेरीत साठ जार. आता गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, निळसर धूर मारते आणि पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑईल पिते. एका गॅरेजने फुल इंजिन, म्हणजे सगळं इंजिन खोलून नव्याने बांधायचं, असं सांगितलंय, 60,000 रुपये. केबिनखालचा पत्रा गंजलाय आणि पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट, दोन महिन्यांत संपतंय. कळव्याची एक पार्टी आहे तशी गाडी 65,000 ला न्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं, ‘इंजिन करून लाख-सव्वा लाखाला विकू, की आहे तशी देऊन टाकू, की करून वापरू? आणि गाडी अजून मामाच्याच नावावर आहे.’

मी सत्तावीस वर्षं रबाळ्याला गॅरेज चालवतोय. सुरुवातीला मेटॅडोर आणि टाटा 407 चं काम करायचो, 2005 ला टाटा एस आली तेव्हापासून हाताखाली बहुतेक हीच गाडी. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं. बहुतेक जण दुरुस्तीच्या बिलाशेजारी गाडीची किंमत ठेवून बघतात. 65,000 च्या गाडीला 60,000 चं काम, म्हणजे वेडेपणा. हा हिशोब दिसायला बरोबर आहे, पण तुमच्यासाठी तो चुकीचा आहे. तुम्ही गाडी विकून पोट भरत नाही, गाडी चालवून भरता. बिल किती, यापेक्षा ते बिल भरल्यावर गाडी किती महिने बिनबोभाट चालेल ते महत्त्वाचं. आणि ते इंजिन ठरवत नाही. ते ठरवतात चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि कागद. इंजिन बदलता येतं, बांधता येतं. सडलेल्या चेसिसला माझ्याकडे इलाज नाही.

म्हणून आधी खाली बघा. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या, जुना जाडसर स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर चेसिसला जिथे धरलेले असतात तिथे, हौद्याच्या (माल भरायच्या जागेच्या) आडव्या पट्ट्या चेसिसवर बसतात तिथे आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला हलकेच ठोकत जा. निरोगी पत्रा ‘टण्ण’ वाजतो. सडलेला ‘थप्’ असा बसका आवाज देतो आणि लालसर पापुद्रे तोंडावर पडतात. तसा आवाज आला की तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत शिरलं तर पुढे काहीच तपासायची गरज नाही. वर रंग नवा मारलेला असेल तर जास्त जोरात ठोका, कारण रंगाखाली पुट्टी भरून विकलेल्या गाड्या मी डझनाने पाहिल्यात. आपल्याकडे खाडीची हवा आहे, चार महिने पाऊस आहे, आणि तुमच्या हौद्यात रोज जारचं पाणी सांडतं. गाडीला वर्षभर पावसाळाच आहे म्हणा ना.

केबिनच्या फ्लोअरचा गंज आणि चेसिसचा गंज यात गल्लत करू नका. फ्लोअरचा पत्रा कापून नवा लावता येतो. वेल्डिंग, अंडरकोट धरून आठ-दहा हजारांचं काम, आणि ते केल्यावर गाडी खरंच पूर्वीसारखी होते. तुम्ही लिहिलंय ते फ्लोअरचं आहे, चेसिसबद्दल काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलेलंच नसणार.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतकं लांबण लावतोय. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातले एक कोळी दादूस मासळीची गाडी घेऊन आले होते. बर्फ, मिठाचं पाणी, रोज पहाटेची फेरी. इंजिन पार बसलं होतं. मी 48,000 चं काम केलं, इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं, मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला. तीन महिन्यांनी उरण फाट्याजवळ डाव्या बाजूचा मागचा हँगर चेसिसचा तुकडा घेऊन निघून आला. नशिबाने गाडी हळू होती. दादूस मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘तू खाली बघितला असतास तर मी तेव्हाच विकली असती.’ त्यानंतर मी खाली ठोकून बघितल्याशिवाय कुठल्याही जुन्या गाडीचं इंजिन खोललेलं नाही.

चेसिस धड असेल तर मग इंजिनकडे या. ‘फुल इंजिन’ हा शब्द ऐकून लगेच घाबरू नका. या गाडीचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं, साधं डिझेल आहे. पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही, सेन्सरची कटकट नाही. असं इंजिन काय बिघडलंय ते स्वतः सांगतं, फक्त विचारायला हवं.

तुमच्या तीन तक्रारी एकाच रोगाच्या असतीलच असं नाही. सकाळी चालू न होणं हे हीटर प्लग गेल्याचं लक्षणही असू शकतं. या जातीच्या इंजिनाला थंड असताना प्लगची गरज लागतेच. दोनांपैकी एक गेला तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि मालकाला वाटतं कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं. प्लग तपासायला दहा मिनिटं लागतात आणि बदलायला इंजिन कामाच्या पासंगालाही न पुरणारे पैसे. ऑईलचंही तसंच. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर ताटाएवढा डाग दिसला तर लिटरातलं बरंच ऑईल जळत नाहीये, गळतंय. क्रँकच्या मागच्या सीलमधून गळत असेल तर ते क्लचवरही उडतं, आणि चढाला क्लच घसरतो तेव्हा माणूस इंजिनाला दोष देतो.

धूर कधी येतो ते बघा. गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून एकदम रेस केल्यावर निळा भपका येऊन बंद होत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे काम हेडपुरतं. लोड घेऊन चढताना सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि बोअर. चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण उघडून तसंच तोंडावर टेकवून ठेवा. झाकण नुसतं थरथरत असेल तर ठीक, उडून पडत असेल आणि आतून धूर फेकत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली गळतोय.

शेवटची आणि खरी परीक्षा कंप्रेशन गेजची. दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं मोजायला सांगा आणि आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या. मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. आहे तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या एका तपासणीने 60,000 चं काम पुष्कळदा 28-30 हजारांवर आलेलं मी पाहिलंय. रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, गॅस्केट, म्हणजे आम्ही ज्याला हाफ इंजिन म्हणतो ते. बोअरला ओरखडे असतील किंवा क्रँक घासलेला असेल तर मात्र हाफ करून पैसे वाया घालवू नका, सहा महिन्यांत परत याल. तपासणी न करता फुल इंजिन सांगणारा माणूस वाईटच असतो असं नाही, त्याला पुन्हा तक्रार नको असते म्हणून तो सगळंच नवं करायला सांगतो. पण पैसे तुमचे आहेत, आकडे मागा.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण जी मला सगळ्यात जास्त खटकली, ती म्हणजे ते साठ जार.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर जारचं वजन पाऊण किलोच्या आसपास. साठ जार म्हणजे जवळजवळ सव्वा टन. तुमच्या गाडीची क्षमता आहे पाऊण टन. म्हणजे रोज तुम्ही दीडपटीहून जास्त माल भरून फिरताय. दोन सिलिंडरच्या इंजिनाला सव्वा टन ओढायला लावल्यावर रिंगा घासणार नाहीत तर काय होईल? पाटे बसणार, क्लच जळणार, आणि ब्रेक लागायला जितकी जागा हवी तितकी ठाणे-बेलापूर रोडवर तुम्हाला कोणी देत नाही. ओव्हरलोडचा दंड कायद्यात 20,000 पासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी वजन विचारते.

पस्तीस जार भरा आणि दोन फेऱ्या मारा. दिघा ते ऐरोली-रबाळे दुसऱ्या फेरीचं डिझेल शंभर रुपयांच्या आत येतं. वेळ जाईल, मला कळतं, ऑफिसवाल्यांना दहाच्या आत पाणी लागतं. मग लांबच्या गिऱ्हाइकांना दुपारची फेरी द्या. पण साठ जारच भरायचे असतील तर नवीन इंजिनही दीड वर्षात याच जागी येईल, आणि मग माझं स्पष्ट मत: दुरुस्ती करू नका, मोठी गाडी बघा. बोलेरो पिकअप किंवा अशोक लेलँडची दोस्त, जिची क्षमता आरसीवर सव्वा टन किंवा जास्त लिहिलेली आहे ती.

हिशोब मांडूया. समजा चेसिस चांगलं निघालं. हाफ इंजिन 30,000 आणि फ्लोअर 10,000, असे 40,000. गाडी आज 65,000 ला जाते, दीड वर्षाने 45,000 ला जाईल असं धरलं, म्हणजे आणखी 20,000 झिजले. एकूण 60,000, अठरा महिन्यांत वाटले तर महिना 3,300 च्या आसपास. फुल इंजिन करावं लागलं तर हाच आकडा 5,000 वर जातो. दुसरीकडे गाडी विकून आलेले 65,000 भरले आणि 2 लाख कर्ज काढून पाच-सहा वर्षांची टाटा एस घेतली, तर तीन वर्षांसाठी 16 टक्क्यांनी हप्ता बसतो 7,000 रुपये. हप्त्याच्या शेवटी हातात गाडी उरते हे खरं, पण त्या गाडीलाही टायर, क्लच, विमा आहेच, आणि महिना मंदीचा गेला तरी हप्ता थांबत नाही. विमा दोन्हीकडे सारखाच. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी प्रीमियमच 16,000 च्या घरात आहे, तो गाडी जुनी म्हणून कमी होत नाही.

या हिशोबात एक धोका आहे, तो लपवत नाही. जुनी गाडी महिन्यातून दोन दिवस उभी राहिली आणि तुम्ही दीड हजाराने दुसरा टेम्पो लावला, की महिन्याचे 3,000 गेले आणि वाचवलेला पैसा संपला. म्हणून दुरुस्ती केल्यावर पहिले तीन महिने एका वहीत लिहा: कुठल्या दिवशी उभी राहिली, किती खर्च आला. सलग दोन महिने दोनाहून जास्त दिवस वाया गेले तर गाडी चालू स्थितीत असतानाच विकून मोकळे व्हा.

इंजिन करून सव्वा लाखाला विकायचं स्वप्न सोडा. गिऱ्हाईक आत टाकलेल्या रिंगा बघत नाही. तो टायर बघतो, पासिंग कधीपर्यंत आहे बघतो, केबिनचं दार कसं लागतं ते बघतो. तुम्ही 60,000 घातले तर भाव फार तर 20-25 हजारांनी वाढेल. उलट विकायच्या आधी पासिंग करून घेतलं, विमा चालू ठेवला, कागद एका फाईलमध्ये नीट लावले, तर तो खर्च वसूल होतो, कारण बिनपासिंगच्या गाडीचा भाव पाडायला प्रत्येक एजंटला आयतं कारण मिळतं. धूर मात्र लपवू नका. जाड ऑईल ओतून दोन दिवस धूर दाबायची युक्ती सगळ्या बाजाराला माहीत आहे. समोरचाही तुमच्यासारखाच पोटासाठी गाडी घेत असतो. ‘ऑईल पिते, म्हणून हा भाव’ असं सरळ सांगा.

कागदांवर आता थांबून वाचा, कारण तुमची सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. गाडी अजून मामाच्या नावावर आहे आणि तुम्ही वर्षभर धंदा करताय. उद्या कोणाला धक्का लागला तर भरपाईची नोटीस मामांच्या घरी जाईल. गाडी हातात कोणाच्याही असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय. मामांनी विश्वासाने सही केलेले फॉर्म 29 आणि 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) घरात पडून असतील तर ते आजच बाहेर काढा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ती मुदत कधीच गेली, थोडा दंड भरावा लागेल. गाडीवर पूर्वीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवा. जुने ई-चलान असतील ते भरा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट लागते, ती बसली नसेल तर आधी तिची तारीख घ्या. विमाही तुमच्या नावावर करून घ्या.

आणि कळव्याच्या पार्टीला द्यायची ठरलीच, तर मामांच्या कोऱ्या सहीचे फॉर्म देऊन मोकळे होऊ नका. पूर्ण तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, आधारची प्रत, गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहून सही घ्या, आणि नाव बदललेलं ऑनलाईन दिसेपर्यंत पाच-दहा हजार हातात ठेवा. ‘नाव नंतर करू’ म्हणणाऱ्या एजंटला गाडी देऊ नका, भाव पाच हजार जास्त असला तरी. अशी गाडी तीन हात फिरते आणि चलान मात्र मामांना येत राहतात.

आठ वर्षांवरची मालवाहू गाडी म्हणून पासिंग आता दरवर्षी, आणि पर्यावरण कर वेगळा. 2027 मध्ये गाडी पंधराची होते. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची पासिंगची फी एप्रिल 2022 पासून बरीच वाढलेली आहे, त्यामुळे तो टप्पा हिशोबात धरा. दिल्लीतला दहा वर्षांचा डिझेलचा नियम इथे लागू नाही, तो दिल्ली-एनसीआरपुरता आहे. मात्र मुंबई महानगर भागात पेट्रोल-डिझेल गाड्या हळूहळू कमी करता येतील का, हे तपासायला 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्य सरकारने समिती नेमली. अशी एखादी बातमी आली की जुन्या डिझेलचा भाव आठवड्यात खाली येतो. म्हणून पाच-पाच वर्षांचे बेत या गाडीवर करू नका. चेसिसच गेलेलं निघालं आणि कळव्याची पार्टीही फिरली, तर कुठल्याही भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आरसी रीतसर रद्द होते, आणि नवी गाडी घेताना त्या प्रमाणपत्रावर करात सवलत मिळते. चेसिस नंबर कापून कोणी दुसऱ्या गाडीला लावायची भीतीही राहत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर हे केलं असतं. कळव्याच्या पार्टीला दहा दिवस थांबायला सांगितलं असतं, टोकन घेतलं नसतं. येत्या रविवारी चेसिस ठोकून, पुठ्ठा अंथरून आणि गेज लावून घेतलं असतं, सगळं मिळून दीड हजारांच्या आत होतं. हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर शिरला, तर 65,000 ला लगेच होकार. चेसिस ‘टण्ण’ वाजलं आणि कंप्रेशन एकाच सिलिंडरला कमी निघालं, तर हाफ इंजिन, फ्लोअर, पासिंग, आणि पस्तीस जार. दोन्ही सिलिंडर बसलेत आणि क्रँकही घासलाय असं निघालं, तर 5,000 महिना पडूनही हप्त्यापेक्षा स्वस्तच आहे, पण तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकांची संख्या बघा. ती वाढत असेल तर मोठ्या गाडीकडे जा. आहे तितकीच असेल तर इंजिन करा.

आणि रविवारच्या आधी, उद्याच, मामांना फोन करून आरसी, फॉर्म आणि कर्जाचे जुने कागद शोधून ठेवायला सांगा. गाडी ठेवा किंवा विका, ते लागणारच आहेत.